डायनामोला दाखवलेला नैवेद्य

नखाएवढे दोन कोळसे.

गंधकाच्या आम्लानं भरलेली काळी पेटी. तिच्या अंगावर गोधडी.

मोटेचा नाडा.

आश्विनातलं ऊन.

वाटीत तूप आणि गूळ.

मुंग्या. पुष्कळ मुंग्या.

मित्रांनो, या वस्तू एकमेकींना ओळखत नाहीत. तरी एका नवरात्रात त्या सगळ्या माझ्या आयुष्यात आल्या. मी डायनामो आहे, आता पार जुना झालेला. मोटारीच्या इंजिनाला खेटून बसायचो. दुधाच्या चरवीएवढा माझा आकार, लोखंडी अंग आणि पोटात तांबं.

इंजिन फिरलं की एक पट्टा मला फिरवायचा. माझ्या पोटातला तांब्याच्या तारांचा गुंडाळा चुंबकाच्या मधोमध गरगरायचा आणि वीज तयार व्हायची. ती दोन कोळशांवाटे बाहेर पडून बॅटरीत साठायची. बॅटरी त्याच विजेनं इंजिनात ठिणगी पाडायची, ठिणगीनं इंजिन फिरायचं आणि इंजिन पुन्हा मला फिरवायचं. यात कोण कोणाला फिरवत होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती आठवली की आजही मी स्तब्ध होतो. माझं चुंबक कायमचं नाही. मी थांबलो की ते विझतं, पण पुरतं विझत नाही. लोखंडात इवलंसं चुंबकत्व मागं उरतं, विझलेल्या चुलीत राखेखाली निखारा असतो तसं. सकाळी मी फिरू लागलो की त्या उरलेल्या कणातून थोडीशी वीज निघते. ती वीज चुंबकाला जोर देते. जोर आला की आणखी वीज, आणखी वीज आली की आणखी जोर. बाहेरून कुणी काही देत नाही. रोज सकाळी मी जवळजवळ काहीच नसल्यातून सुरू व्हायचो.

हे लोखंडाला कोणी शिकवलं?

मला घडवलं समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात. माझ्या तारा गुंडाळणाऱ्या बाईचे हात मला आठवतात. चेहरा आठवत नाही, कारण तेव्हा मी अर्धाच झालो होतो. मग जहाज, मुंबई, सिकंदराबाद, आणि शेवटी कापडी छपराच्या एका मोटारीत बसून जिंतूर. तेव्हा इकडे निजामाचं राज्य होतं आणि जगात मोठी लढाई चालू होती. पेट्रोल मोजून मिळायचं. नवी बॅटरी मागितली तर दुकानदार नुसता हसायचा.

मोटारीचा मालक आश्रुबा. चालवायचाही तोच. सकाळी जिंतूरहून बोरी, झरी करत परभणीला जायचं आणि दुपारी उतारू घेऊन परत यायचं, हे त्याचं रोजचं काम. निघण्याआधी तो इंजिनावरचं झाकण उघडायचा आणि माझ्या मागच्या टोकाला असलेल्या छोट्या कुपीत तेलाचा थेंब सोडायचा. मग झाकण लावून माझ्यावर एक थाप. मला ती थाप फार आवडायची.

आमचं बोलणं एका काट्यातून चालायचं. आश्रुबाच्या समोर काचेमागं एक बारीक काटा होता. मी बॅटरीला वीज देत असलो की तो उजवीकडे झुकायचा. मी देत नसलो आणि बॅटरी नुसतीच खर्च होत असली की डावीकडे. तो काटा उजवीकडे पाहून आश्रुबा शीळ घालायचा.

त्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी शेजारच्या धुरपताबाईला कुत्रं चावलं. शेळ्यांवर धावून आलेल्या कुत्र्याला ती हातानं ढकलत होती. तोंडाला फेस आलेलं ते कुत्रं दुसऱ्याच दिवशी विहिरीपाशी मेलेलं सापडलं, आणि ते पिसाळलेलं होतं हे सगळ्या गल्लीला कळलं. आश्रुबानं तिला लगोलग मोटारीत घालून परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात चौदा सुया, रोज एक. एकही खाडा नको. खाडा पडला आणि आजार वर आला, तर त्यावर जगात औषध नाही.

परभणीतच राहा, असं सगळ्यांनी सांगितलं. पण तिचे यजमान किशनराव दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. दिवसा शेजारणी बघायच्या, रात्री मात्र किशनरावांना कूस बदलून द्यायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. सरकारी मोटार सकाळी परभणीहून यायची आणि संध्याकाळी परत जायची, म्हणजे तिच्या वेळा नेमक्या उलट्या. उरलो आम्ही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी कशासाठी फिरतो हे मला नेमकं ठाऊक झालं. आधी मी नुसता फिरायचो.

ती आश्रुबाच्या शेजारी बसायची. पोट सुजलेलं, त्यावर एक हात. काट्याचं कोडं तिला लवकरच उलगडलं. उजवीकडे झुकला की ती म्हणायची, दिलं बग लेकरानं. लेकरू म्हणजे मी. तिला मूलबाळ नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी ज्या अवजारावर घर चालतं त्याची पूजा करतात. कुणी नांगर पुजतो, कुणी वस्तरा, कुणी तराजू. आश्रुबानं परभणीहून परतल्यावर मोटार धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांना कुंकू लावलं आणि नारळ आणायला घरात गेला. तेवढ्यात धुरपताबाई आली. इंजिनाचं झाकण उघडंच होतं. तिनं मला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, डोकं टेकलं. तिच्या कपाळाची ऊब मला पत्र्यातून जाणवली. मला हात लावणारे पुष्कळ भेटले होते, कपाळ लावणारं कोणी भेटलं नव्हतं.

नंतर तिनं वाटीतला नैवेद्य मला भरवला. गूळ घालून पातळ केलेलं कोमट तूप. सगळी वाटी.

मला बोलता आलं असतं तर मी नको म्हणालो असतो का? माहीत नाही.

दसऱ्याच्या सकाळी काटा डावीकडे गेला.

आश्रुबाची शीळ अर्ध्यावर थांबली. त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा डावीकडेच. मी फिरत होतो, जोरात फिरत होतो, पण माझी वीज कोळशांपर्यंत

पोचत नव्हती.

दुपारी परतताना मात्र उन्हानं आणि इंजिनानं सगळं तापल्यावर काटा आपोआप उजवीकडे आला. आश्रुबानं त्यावरून एक निदान केलं. सकाळच्या गारव्यानं बॅटरी आखडते, दुपारी मोकळी होते. एकादशीला त्यानं पहाटेच बॅटरीला गोधडी गुंडाळली. बोरीच्या थांब्यावर उतारूंनी ते पाहिलं आणि बॅटरीला ताप आहे की बाळंतपण, असं त्याला विचारलं. आश्रुबा हसला नाही. काटा डावीकडेच होता आणि शेजारी धुरपताबाई पोट धरून बसली होती.

त्यानं वीज वाचवायला सुरुवात केली. बटणानं इंजिन सुरू करणं बंद, पुढून लोखंडी हँडल मारायचं. भोंगाही बंद. उतारूंमध्ये तुळजापूरच्या देवीचा एक गोंधळी होता, तो पायरीवर उभा राहून वळणावळणावर संबळ वाजवू लागला. गाड्या आणि गुरं बाजूला होत होती. झरीपर्यंतच्या बायका आमच्याकडे बघून हात जोडत होत्या. त्यांना वाटलं, मोटारीतून देवीच निघाली आहे. त्या दिवशी दुपारीसुद्धा काटा नीट उजवीकडे आला नाही. थरथरला, परत पडला.

द्वादशी. अकरावी सुई.

झरी मागं पडली आणि

ठिणगी

पडेना.

मोटार थांबली. हँडल मारलं. पुन्हा मारलं. बॅटरीत आता काही उरलं नव्हतं. परभणी अजून दोन-अडीच कोस होती आणि दवाखाना दुपारी बंद व्हायचा. उतारू उतरले. धुरपताबाईनं पदर कमरेला खोचला, सुजलेल्या पोटावर हात ठेवला आणि रस्त्याच्या कडेनं परभणीकडे चालू लागली. ती लहान लहान होत गेली. इंजिनाचं झाकण उघडं होतं, म्हणून मला ते सगळं दिसलं.

आश्रुबा शेजारच्या शेतात धावला. तिथं मुंजाजी नावाचा शेतकरी बैल सोडत होता. त्यानं मोटेचा नाडा मोटारीच्या पुढच्या दांड्याला बांधला, बैल जुंपले आणि निघताना म्हणाला, “तेल पिणारी तुमची, कडबा खाणारी आमची. कोण कोणाला वढायलंय, बगा.”

बैलांच्या मागून मी परभणीत शिरलो. वाटेत शाळेतली पोरं मोटारीच्या बाजूनं पळत होती. इंजिन आणि माझा पट्टा गप्प होते, आणि त्या दोन बैलांच्या पाठी वर-खाली होत होत्या. मला लाज वाटायला हवी होती. पण मी त्यांच्या पाठींकडेच बघत राहिलो. त्यांना काटा नव्हता, बॅटरी नव्हती. एवढं बळ कुठून येत होतं?

स्टेशनाजवळ लिंबाखाली लतीफ मिस्त्रीचं छप्पर होतं. आम्ही पोचलो तेव्हा धुरपताबाई आधीच तिथं येऊन बसली होती. तिनं सुई गाठली होती. घाम वाळून कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं.

लतीफ मिस्त्री घाईचा माणूस नव्हता. आधी त्यानं काचेच्या नळीनं बॅटरीतलं आम्ल ओढून पाहिलं आणि सांगितलं की ही भुकेली आहे, मेलेली नाही. गोधडी काढून त्यानं आश्रुबाच्या हातात दिली. मग मांडणीवरची दुसरी जुनी बॅटरी तात्पुरती जोडून इंजिन सुरू केलं. काटा डावीकडे. म्हणजे बॅटरीला जेवायला मिळत नाही, हे ठरलं. का मिळत नाही, ते शोधायचं होतं. इंजिन बंद करून त्यानं माझा पट्टा अंगठ्यानं दाबला. पट्टा घट्ट होता. माझ्यापासून काट्यापर्यंतची तार बोटात धरून तो तिच्या सोबत चालत गेला, एकेक सांधा सोडवून कानशीनं घासला. तारही चांगली होती. मग वीज उलटी माझ्याकडे येऊ नये म्हणून वाटेत एक डबी बसवलेली असते, ती त्यानं उघडली आणि तिची जीभ बोटानं दाबून पाहिली. तीही निर्दोष.

शेवटी इंजिन पुन्हा चालू करून त्यानं एका छोट्या बल्बची एक तार माझ्यातून वीज बाहेर पडते त्या टोकाला लावली आणि दुसरी माझ्या लोखंडी अंगाला. मी फिरत होतो. बल्ब लागला नाही.

लतीफ मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. दोष माझ्यातच आहे, असं त्यानं आश्रुबाला सांगितलं. आत तारा जळाल्या असतील तर हैदराबादला पाठवून नव्यानं गुंडाळाव्या लागतील. आठ दिवस तरी लागतील. लढाईमुळे जास्तही.

अजून तीन सुया बाकी होत्या.  धुरपताबाई उठून मोटारीजवळ आली आणि माझ्या शेजारी, चाकाला टेकून मातीत बसली.  तिच्या मनात त्या वेळी किशनराव असतील, जिंतूरचं घर असेल. किंवा ते फेसाळलेलं तोंड.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “आश्रुबा, ह्याला मुंग्या लागल्यात.”

लिंबाच्या बुंध्यावरून मुंग्यांची रांग निघाली होती. ती मातीतून चाकावर, चाकावरून पत्र्यावर, पत्र्यावरून माझ्या अंगावर चढत होती आणि माझ्या मागच्या कुपीत शिरत होती. आश्रुबा म्हणाला, झाडाखाली मुंग्या असणारच, काकू.

“उगं येत न्हाईत मुंग्या. म्या भरवलं ह्याला. नवमीला. गूळ अन् तूप.”

“कुठं भरवलं?”

“तू रोज तेल पाजतूस तिथंच की. तेच तोंड न्हाई का त्याचं?”

 लतीफ मिस्त्री वाकला. मुंग्यांची रांग त्यानं शेवटपर्यंत पाहिली, माझ्या कुपीला नाक लावून वास घेतला आणि तसाच वाकलेला राहून म्हणाला, “अम्मा, तुम तो इसको शक्कर की बीमारी लगा दिये.”

पहिल्यांदा आश्रुबा हसला. मग धुरपताबाई हसली. हसताना पोट दुखत होतं, म्हणून दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी नंतर हसण्याचं राहिलं नाही. आपल्याच हातानं आपली मोटार बंद पाडली, हे तिला तेव्हा उमगलं. आश्रुबा तिच्यासमोर उकिडवा बसला. तो एवढंच म्हणाला, “तू पूजा केलीस, काकू. म्या झाकण उघडं टाकून गेलो.”

लतीफ मिस्त्रीनं मला उघडलं.

मित्रांनो, आपण आतून कसे दिसतो हे कुणालाच ठाऊक नसतं. मला त्या दिवशी कळलं. तूप-गूळ कुपीतून झिरपत माझ्या तांब्याच्या पट्ट्यांवर आला होता आणि ठिणग्यांनी जळून त्याचा काळा चिकटा झाला होता. दोन कोळशांपैकी एक आपल्या खाचेत वरच्या वर चिकटून बसला होता. त्यानं खाली पट्ट्यांना टेकायचं, तर तो अधांतरी. दुपारी चिकटा मऊ झाला की टेकायचा, गार पडला की अडकायचा. आणि शेवटी अडकला तो अडकलाच.

मिस्त्रीनं अर्धी वाटी पेट्रोल घेतलं. त्या दिवसांत अर्धी वाटी पेट्रोल कुणी असं खर्च करत नसे. चिंधी बुडवून त्यानं मला पुसलं, बारीक काचकागदानं पट्ट्या घासल्या, पट्ट्यांमधल्या फटी करवतीच्या तुटक्या पात्यानं कोरल्या. मग कोळसा खाचेतून काढला, त्याच्या कडा घासल्या आणि परत सोडला. मागच्या स्प्रिंगनं तो खाली ढकलला. टक.

आतल्या तारा जळाल्यात की नाही, ते अजून कळलं नव्हतं. ते फिरूनच कळणार होतं.

आश्रुबानं हँडल मारलं. इंजिन लागलं. मी फिरू लागलो.

काटा डावीकडे.

 लतीफ मिस्त्रीनं हात वर करून थांबायला सांगितलं. मी आत शोधत होतो. उरलेलं, इवलंसं, राखेखालचं. आहे का? तीन दिवस उपाशी. आहे का? होतं. लोखंड विसरलं नव्हतं. एक कण जागा झाला, त्यानं दुसऱ्याला उठवलं, दोघांनी मिळून आणखी, आणखी,

काटा थरथरला. मधोमध आला. उजवीकडे झुकला.

धुरपताबाईनं हात जोडले. मग माझ्याकडे बोट दाखवून तिनं मिस्त्रीला विचारलं, ह्याच्या आत हाय तरी काय. मला वाटलं, आता तो तारा आणि चुंबक सांगेल. पण त्यानं चिंधीला हात पुसले आणि थोडा वेळ काट्याकडे पाहत राहिला.

“कैसे चलता सो मालूम है, अम्मा,” तो म्हणाला. “काय कू चलता, मेरे कू भी नहीं मालूम.”

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. राज्य बदललं, मोटारीचे मालक बदलले. एकानं मला कधीच तेल पाजलं नाही, तुपाचं तर राहू द्या. मोटार भंगारात गेली तेव्हा मी एका गोणीत, मोडक्या कुलपांच्या आणि बिजागऱ्यांच्या संगतीत पडून होतो. पावसाळ्यात अंगाला गंज चढायचा, उन्हाळ्यात तो पापुद्र्यांनी गळायचा. मग कावेरीबाई नावाच्या शिक्षिकेनं मला वजनावर विकत घेतलं. आता मी जिंतूरच्या एका शाळेत, काचेच्या कपाटात असतो. वर्षातून एकदा त्या मला टेबलावर ठेवतात, पट्ट्याऐवजी दोरी गुंडाळतात आणि एका मुलाला ओढायला सांगतात. छोटा बल्ब क्षणभर लालसर होतो. तेवढ्यात वर्गात जी शांतता होते, ती मी ओळखतो.

माझं तुमच्याजवळ एकच मागणं आहे. यंत्राला कुंकू लावायचं असेल तर जरूर लावा, फूल वाहा, कपाळ टेका. ते त्याला कळत नाही असं मी तरी म्हणणार नाही. पण त्याला काही भरवण्याआधी त्याचं झाकण उघडा आणि आत बघा. जिथं कळत नाही तिथं विचारा. विचारूनही कळलं नाही, तर लतीफ मिस्त्रीसारखे थोडा वेळ काट्याकडे पाहत राहा. आणि गंज चढला असेल तर कुणीतरी चिंधी घ्या.

धुरपताबाई एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली वारली, म्हातारपणानं.